एका शुक्रवारचे रोम: तिघे भावंडे आणि 120 युरो

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही म्युनिकला नोकरी करता, भाऊ आखेनला शिकतो आणि 17 वर्षांची धाकटी बहीण दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून येत आहे. तिघे गुरुवारी रात्री रोमला पोहोचून शनिवारी सकाळी निघणार, मुक्काम तेर्मिनी स्थानकाजवळ आहे आणि राहण्याचा खर्च वगळता शुक्रवारसाठी तिघांत मिळून 120 युरो आहेत. बहिणीला कोलोसियम हवे, भावाला चित्रे हवीत आणि तुम्हाला सगळ्यांना सांभाळून वेळेत परत आणायचे आहे. मी काही वर्षे नोकरीनिमित्त रोममध्ये राहिलो आहे आणि माझ्याकडे आलेल्या बऱ्याच पाहुण्यांना याच बेताने फिरवले आहे.

पहिला निर्णय कोलोसियमचा, कारण बाकीचा दिवस त्यावर ठरतो. माझे मत असे की या वेळी आत जाऊ नका. तिकीट 18 युरोंचे आहे. बहीण अठराच्या आतली असल्यामुळे तिला प्रवेश मोफत मिळेल, परंतु भावाला जर्मनीत शिकत असूनही सवलत मिळणार नाही, कारण 18 ते 25 वयाची 2 युरोंची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे आणि तिथे पासपोर्ट पाहतात. म्हणजे दोघांचे 36 युरो गेले. त्याच तिकिटात फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि शेजारची पॅलाटाइन टेकडीही येते, पण ते सगळे नीट पाहायचे तर अर्धा दिवस हवा, आणि घाईघाईने पाहिले तर पैसे पाण्यात. शिवाय तिकिटावर नाव छापलेले असते आणि सोयीच्या वेळा फार आधी संपतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण तुमचा शुक्रवार आहे. बहिणीची समजूत कशी काढायची ते पुढे सांगतो.

रोममध्ये कमी खर्चात फिरण्याचे खरे गमक चर्चमध्ये आहे. जी चित्रे आणि शिल्पे इतर शहरांत तिकीट काढून संग्रहालयात पाहावी लागली असती, ती इथे ज्या वेदीसाठी घडवली तिथेच आहेत आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. अडचण एवढीच की यांपैकी बरीच चर्च दुपारी बारा-साडेबारापासून तीन-चारपर्यंत बंद असतात. म्हणून दिवसाची आखणी नकाशातल्या अंतरावरून न करता या वेळांवरून करावी.

सकाळी सातला व्हॅटिकनचे सेंट पीटर्स चर्च उघडते, तेव्हा तिथे असा. तेर्मिनीहून मेट्रोच्या ए मार्गाने ओत्ताव्हियानोला उतरा. एका फेरीचे तिकीट दीड युरो. नऊनंतर सुरक्षा तपासणीची रांग चौकाला वळसा घालते, पहाटे ती नसल्यातच जमा असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे बहिणीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. आत शिरताच उजवीकडे मायकेलअँजेलोचे ‘पिएता’ हे मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या मरियमेचे शिल्प आहे. गर्दी व्हायच्या आत आधी तिथे जा. घुमटावर चढायला वेगळे तिकीट लागते, ते सोडून द्या.

तिथून नदीकडे चालत या, बर्निनीच्या देवदूतांचा पूल ओलांडा आणि पियात्सा नव्होना हा चौक गाठा. मधल्या कारंज्यावर चार खंडांच्या चार नद्या कोरल्या आहेत आणि त्यांत आपली गंगा आहे. 1651 साली पूर्ण झालेल्या या शिल्पात ती हातात वल्हे घेतलेला दाढीवाला पुरुष आहे, कारण रोमन परंपरेत नदीचा देव पुरुषच असतो. तिघांपैकी कोणीतरी यावर वाद घालेल, तो घालू द्यावा. मात्र चौकातल्या उपाहारगृहांत बसू नका.

भावासाठी दिवसातला सर्वांत मोलाचा तास यानंतरचा. चौकापासून पाच मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी हे फ्रेंच चर्च आहे. त्याच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या छोट्या दालनात काराव्हाजो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरील तीन चित्रे आहेत. दालन बहुधा अंधारात असते. बाजूच्या यंत्रात नाणे टाकले की दिवे लागतात आणि थोड्या वेळाने विझतात. डावीकडच्या चित्रात मॅथ्यूला शिष्य म्हणून बोलावायला ख्रिस्त उजव्या कडेने आत येऊन बोट दाखवतो आहे, त्याच्या डोक्यावरून प्रकाशाची तिरपी पट्टी येते आहे आणि टेबलाच्या टोकाला बसलेला तरुण मान खाली घालून नाणी मोजण्यात इतका गढला आहे की त्याला कशाचाच पत्ता नाही. काटकसरीने फिरणाऱ्या माणसाने स्वतःचे नाणे यंत्रात टाकून हे पाहावे, यात एक गंमत आहे. दिवे विझले तरी लगेच हलू नका. दुसरे कोणीतरी नाणे टाकतेच. जवळच सांत’अगोस्तिनोमध्ये काराव्हाजोचेच आणखी एक चित्र आहे, त्यात मरियमेपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळलेले तळवे थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात. दोन्ही ठिकाणी बाराच्या आत पोहोचायला हवे.

दुपारी चर्च बंद असताना पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर पाहावे. तिकीट 5 युरो, बहिणीला मोफत, म्हणजे तिघांचे 10 युरो, आणि दिवसभरातला प्रवेशाचा खर्च एवढाच. बहिणीची समजूत काढायची ती इथे. कोलोसियम हा भग्नावशेष आहे. पँथिऑन मात्र सुमारे 1900 वर्षे छतासह उभे आहे. घुमटाचा व्यास 43.3 मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच, आत लोखंडी सळई नाही, आणि माथ्यावर सुमारे 9 मीटरचे उघडे भोक. त्यातून पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून वाहून जातो. नोव्हेंबरात पाऊस लागला तर कुरकुर न करता इकडेच वळा.

जेवणाला वजनावर विकला जाणारा पिझ्झा घ्या. केवढा तुकडा हवा ते हाताने दाखवायचे, विक्रेता तेवढा कापून तोलतो. भोपळ्याच्या फुलांच्या पिझ्झ्यात बहुतेक वेळा अँकोव्ही मासा असतो आणि सुप्पली या तळलेल्या भाताच्या गोळ्यात पुष्कळदा मांसाचा रस्सा असतो, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यावी, बसून प्यायल्यास दर वाढतो. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यांवर लोखंडी नळ अखंड वाहत असतात. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून धार उसळते आणि ओंजळ न धरता पिता येते. बहीण हे एकदा शिकली की दर नळापाशी थांबेल.

दुपारी कापितोलिनो टेकडीवर चढा. मागच्या बाजूच्या कठड्यावरून अख्खा फोरम फुकट दिसतो. तिथून सरळ रस्ता कोलोसियमला जातो, आणि मेट्रो स्थानकाच्या वरच्या गच्चीवजा चौकातून त्याची पूर्ण दर्शनी बाजू समोर येते. छायाचित्रांसाठी ती जागा आतल्यापेक्षा बरी. जवळच सान पिएत्रो इन व्हिंकोलीमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा आहे, प्रवेश मोफत. वेळ कमी पडला तर कोलोसियमभोवतीची प्रदक्षिणा गाळा, मोझेस गाळू नका.

साडेपाचच्या आत जेझू चर्चला परता. जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये ज्यांचे शव आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात इथे, मुख्य वेदीच्या उजव्या बाजूला ठेवलेला आहे. तो 1614 साली रोमहून आलेल्या आज्ञेवरून तोडून इकडे पाठवण्यात आला. साडेपाचला समोरच्या, जेझुइट पंथाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या वेदीवरचे मोठे चित्र संगीताच्या साथीने खाली सरकते आणि मागची मूर्ती दिसते. ही सतराव्या शतकातली नाट्यमय करामत आहे आणि तिला तिकीट नाही. त्रेव्ही कारंजे तिथून चालत पंधरा मिनिटांवर, अंधारात पाहिलेले चांगले. पुढे स्पॅनिश पायऱ्यांपर्यंत गेलात तर तिथे बसू नका, दंड होतो.

एकूण चालणे आठ-नऊ किलोमीटर होईल. सगळे पैसे भावाच्या हाती द्या, हिशेबही त्यानेच ठेवावा. मोठ्या भावंडाने दर वेळी पाकीट काढले की धाकटी मंडळी काही मागायला संकोचतात आणि संध्याकाळी फुरंगटून बसतात. दुपारी पँथिऑनजवळ तासभर वेगळे फिरा आणि ठरलेल्या जागी भेटा. माझ्या मते, प्रवास, जेवण, आइस्क्रीम आणि यंत्रातली नाणी धरून शंभरच्या आसपास खर्च होईल, उरलेले रात्रीच्या जेवणात घाला. मेट्रोत आणि 64 क्रमांकाच्या बसमध्ये खिसेकापू असतात, तिथे पाठीवरची सॅक पुढे घ्या.

एक गोष्ट मात्र आदल्या दिवशी तपासा. इटलीत वाहतुकीचे संप बहुधा शुक्रवारीच असतात. संप असला तरी रोममध्ये सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत गाड्या चालवाव्या लागतात, त्यामुळे सकाळची मेट्रो मिळेल. त्रेव्हीहून तेर्मिनी पायी पंचवीस मिनिटांवर आहे, तेव्हा रात्री आठ वाजून गेले तरी टॅक्सीची गरज पडणार नाही.