आजोबा ‘सीएनआय’चे नव्हते! आधी मिशन कोणतं ते शोधा

सोलापूर नि आसपासच्या ख्रिस्ती घरांतून घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांचे प्रश्न येतायत, आणि दहातल्या आठांत घोळ एकच आहे. म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: आजोबांचा बाप्तिस्मा 1921 ला सोलापुरात ‘सीएनआय’ (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चमध्ये झाला असं घरात सगळे सांगतात. आडनाव सांगून चौकशी केली, नोंद नाही म्हणाले. रजिस्टर हरवलं का?

हरवलं म्हणायची घाई करू नका. 1921 ला सीएनआय नव्हतंच हो! ते झालं 29 नोव्हेंबर 1970 ला, नागपुरात, सहा पंथांच्या मंडळ्या (म्हणजे चर्च) एकत्र येऊन. त्याआधी इथं मुख्य काम अमेरिकन मराठी मिशनचं, जे 1813 ला मुंबईत, 1831 ला नगरला आणि 1860 च्या दशकात सोलापुरात आलं. ते काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपणच बघायचा असं मानणाऱ्या पंथाचं. मग 1924 ला त्या मंडळ्यांचं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं आणि 1970 ला सीएनआय. म्हणजे बाकं तीच, माणसं तीच, पण वहीवरचं नाव पिढीगणिक वेगळं, आणि तुम्ही मागताय नातवाच्या काळातलं नाव सांगून.

दुसरं म्हणजे आडनावावरून शोधू नका. जुन्या नोंदीत बऱ्याचदा नुसतं नाव, बापाचं नाव आणि गाव असतं, आडनाव मागाहून चिकटलेलं. बापाचं नाव नि गाव धरा आणि 1921 च्या मागची-पुढची पाच-पाच वर्षं ओळ न ओळ वाचा, इंग्रजी नोंद असेल तर गावाचं स्पेलिंग ‘शोलापूर’ असणार हे लक्षात ठेवून. बाप्तिस्म्याची वही झाली की सभासदांची वही मागा, ती कुणी मागतच नाही. तिच्यात ‘अमुक मंडळीच्या पत्रावरून आले’ अशी नोंद सापडली तर कुटुंब आधी कुठं होतं ते कळलं, मग तुमचा शोध सोलापुरात नाही, नगरकडच्या एखाद्या गावात पुढं जाणार.

आणि कृपा करून ‘पुढच्या मे महिन्यात बघू’ म्हणू नका. एका मंडळीतली वही मी दोनदा चाळली होती, तिसऱ्यांदा गेलो तर मधली पानं वाळवीनं खाल्लेली, तीस-चाळीस घरांची नावं होती त्यात, ती आता कुठंच नाहीत. अजून वाईट वाटतं. वही घरी मागू नका, झेरॉक्सच्या काचेवर दाबू नका. पाळकसाहेबांना आधी भेटा, लेखी अर्ज द्या, ते हो म्हणाले तर उजेडात मोबाईलवर फोटो काढा. आणि त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याजवळ बसून गावांची नावं लिहून घ्या.

प्रश्न: बाप्तिस्म्याची तारीख हीच जन्मतारीख धरू का?

नाही.

प्रश्न: आम्ही सोलापूरच्या पूर्वभागातले तेलुगू, आजी ‘आपण मेथडिस्ट’ म्हणायची. कुठं बघू?

कुठले मेथडिस्ट ते आधी ठरवा. ब्रिटिश वेस्लियन (तेही मेथडिस्टच) मिशनचं तेलंगणातल्या मेदककडचं काम 1947 ला चर्च ऑफ साऊथ इंडियात गेलं. अमेरिकन मेथडिस्ट 1970 ला सीएनआयमध्ये आलेच नाहीत, त्यांचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया वेगळं आहे. आजीचं गाव कळलं की तिथल्या पाळकांना विचारा, नुसत्या ‘मेथडिस्ट’वर काही सापडणार नाही.

प्रश्न: एक वेबसाईट 7,000 रुपयांत येशूचे शिष्य सेंट थॉमस यांच्यापर्यंत वंशावळ आणि घराण्याचं चिन्ह देतेय. घेऊ?

एक रुपया देऊ नका. थॉमस इ.स. 52 ला आले ही परंपरा केरळची. सहाव्या शतकात ‘कल्याणा’ला बिशप होता असं कॉसमस या प्रवाशानं लिहिलंय, आणि ते आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात, पण त्यात कुणाच्या घरच्यांची यादी नाही. बाप्तिस्म्याच्या नि लग्नाच्या वह्या ठेवायचा नियमच कॅथलिक चर्चनं 1563 ला ट्रेंटच्या परिषदेत केला. त्याआधीची नावं ही माणसं आणणार कुठून? लोकांच्या ओढीवर पैसे काढायचा धंदा आहे हा. फॅमिलीसर्च या वेबसाईटवर फुकट शोधता येतं, आधी ते करा.

प्रश्न: पणजोबा इंग्रजांच्या काळातल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेत, लग्न इंग्लिश चर्चमध्ये लागलेलं. इथं काही मिळत नाही.

त्या नोंदींच्या प्रती मुंबईमार्गे लंडनला जायच्या. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या सरकारी खात्याच्या) कागदांत ‘एन/3’ ही मुंबई इलाख्याची मालिका बघा. इथल्या पाळकांनाही एकदा विचारून घ्या.

प्रश्न: आमचं रजिस्टर कॅथलिक, सगळं लॅटिनमध्ये.

घाबरू नका, ‘योआनेस’ म्हणजे जॉन, ‘फिलियस’ म्हणजे मुलगा, चार शब्दांत काम होतं. पानाच्या कडेचा समास नक्की वाचा, 1908 पासून लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायचा नियम आहे. अडलं तर फादरना विचारा, नाहीतर पुणे धर्मप्रांताच्या कार्यालयात.

प्रश्न: जुना बाप्तिस्म्याचा दाखला वारसाच्या किंवा जातीच्या कामाला चालेल का?

तो कायद्याचा प्रश्न आहे, वकिलाला विचारा. मूळ दाखला मात्र कुणाच्या हातात देऊ नका, साक्षांकित प्रत द्या.