मी हळू नाही, माणसं कमी आहेत

"मॅडम, माणसंच नाहीत हो. मी नाही गेले तर काउंटर बंद ठेवावा लागेल."

समुपदेशक म्हणून गेली काही वर्षं हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. कधी खासगी रुग्णालयातली नर्स असते, कधी औषधांच्या दुकानातला मुलगा. पण अलीकडे सगळ्यात जास्त येतात ती मोठ्या दुकानांच्या आत असलेल्या कॉफी शॉपमधली मुलं-मुली. कपड्यांच्या किंवा पुस्तकांच्या भल्यामोठ्या दुकानाच्या एका कोपऱ्यात चार टेबलं, एक मशीन आणि केकची काचपेटी असते. खरेदी करून दमलेल्या माणसाला ती जागा फार बरी वाटते. आत उभ्या असलेल्या मुलीला मात्र दार लावून पाच मिनिटं बसण्याचीही सोय नसते. दुकान उघडं तोवर काउंटर उघडा. शेजारच्या सेक्शनमधल्या मुलाला मशीन चालवता येत नाही, त्यामुळे तो मदतीला येऊ शकत नाही. उलट बिलिंगला रांग लागली की कॉफीवाल्यांपैकीच एकाला तिकडे बोलावतात.

या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, आणि तो बहुतेकदा चुकीच्या रूपात विचारला जातो. "मी आणखी सहनशील कशी होऊ?"

तिला आपण मृणाल म्हणू. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. मूळची बार्शीची, बी.कॉम. झालेली, पुण्यात नगर रस्त्याच्या बाजूला तीन मुलींबरोबर फ्लॅट घेऊन राहणारी. ती आली ती रागाची तक्रार घेऊन.

"एका आजींनी दुसऱ्यांदा साखर मागितली आणि मी पाऊच आपटला, मॅडम. त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं. मी अशी नव्हते."

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर, एका शिफ्टला तीन जण. दोघांनी नोकरी सोडली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मग कधी दोघं, आणि दुसऱ्याचा वीकली ऑफ असला की ती एकटी. कागदावर नऊ तास, प्रत्यक्षात अकरा-बारा. क्लोजिंग म्हणजे मशीन आतून धुवायचं, दुधाच्या वाफेची नळी भिजत घालायची, फेकलेल्या मालाची नोंद, गल्ल्याचा हिशोब. हे उरकून खोलीवर पोचायला मध्यरात्र. आणि सकाळी पुन्हा ओपनिंग, कारण दूध उतरवून घ्यायला कोणीतरी हवं. जेवण राहून जायचं आणि त्या जागी कॉफीचे शॉट, म्हणजे कडक कॉफीचे छोटे घोट, पोटात जायचे. शेवटचा रात्री आठ-नऊच्या सुमाराला. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा अर्धी कॉफी अंगात जागीच. झोप का लागत नाही, हे कोडं नव्हतंच.

पण यातून तिने काढलेला निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटला. "मी स्लो झालेय. पहिल्यासारखा हात चालत नाही. लोक ताटकळतात ते माझ्यामुळे."

अशा वेळी "नाही गं, तू छान करतेस" असं म्हणण्याचा मोह होतो. मैत्रिणी, आई, सगळ्या तेच म्हणत होत्या, आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. समजूत ही दुसऱ्याची असते. पटतं ते स्वतःच्या हाताने पडताळून पाहिलेलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यावर मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी पहिल्यापासून भिस्त आहे, ती याच कारणाने. आपल्याला त्रास घटनेपेक्षा जास्त तिच्याबद्दल धरलेल्या समजुतीचा होतो, आणि समजूत म्हटली की तिला पुरावा मागता येतो.

मी म्हटलं, "एक कॅपुचिनो करून दाखव."

"इथे?"

"हातानेच. मी घड्याळ लावते. बिल करण्यापासून सुरू कर."

ती आधी लाजली. मग उठली, माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि पुढे जे झालं ते पाहण्यासारखं होतं. हवेतच बटणं दाबून बिल केलं, सुटे पैसे परत दिले. दांड्याची गाळणी मशीनमधून फिरवून काढली, झटकली, पुसली, ग्राइंडरखाली धरली, पूड दाबून बसवली, परत अडकवली. "आता शॉटला पंचवीस-तीस सेकंद," ती म्हणाली, पण तेवढ्यात तिचा दुसरा हात दुधाचं भांडं वाफेखाली धरून होता आणि तळवा भांड्याच्या बाजूला टेकवून ती गरमपणा जोखत होती. हवेत. ओतून झाल्यावर तिने न दिसणारं फडकं घेऊन न दिसणारी नळी पुसली. मी हे मुद्दाम लिहिते आहे. आपण स्लो झालोय, कामचुकार झालोय असं म्हणणारी मुलगी खोट्या कॉफीतसुद्धा नळी पुसायला विसरली नव्हती.

"तीन मिनिटं," मी म्हटलं. "तासाला किती झाल्या?"

"वीस. काहीच अडलं नाही तर."

"शनिवारी संध्याकाळी तासाला किती ऑर्डर असतात?"

"ॲपच्या धरून... चाळीसच्या आसपास."

ती थांबली. मीही काही बोलले नाही.

"हे बसतच नाही, मॅडम."

"कोणाला बसेल?"

"कोणालाच नाही. आमचे ट्रेनर सर उभे राहिले तरी नाही." मग डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस उगाच स्वतःला शिव्या घालत होते."

माणसांची कमतरता आणि आपल्यातली कमतरता या दोन गोष्टी मनात एकमेकींत मिसळतात. मालकाच्या रोस्टरमधली रिकामी जागा मुलगी स्वतःच्या अंगात शोधायला लागते. एकदा त्या वेगळ्या झाल्या की थकवा जात नाही, पण शरम जाते. आणि शरम गेलेला माणूस विचार करू शकतो. पुढची सगळी वाट मला त्या तीन मिनिटांतच मोकळी झालेली दिसली.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये या प्रकारच्या पिळून निघण्याची, म्हणजे 'बर्नआउट'ची, नोंद कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था अशीच केली, आजार म्हणून नाही. शक्ती संपते, कामाबद्दल तुटकपणा येतो, आपल्याला काही जमत नाही असं वाटायला लागतं. साखरेचा आपटलेला पाऊच म्हणजे तो तुटकपणा. मृणालचा स्वभाव तसा नव्हता.

गणित पटलं, तरी दुसरी गाठ बाकी होती. ऑफच्या दिवशी सकाळी फोन यायचा, "आज जरा ये ना, कोणीच नाहीये." आणि ती जायची.

"नाही म्हटलं तर काय होईल?"

"सगळं माझ्याबरोबरच्या सागरवर पडेल. तो पण दमलाय."

"आणि तू गेलीस की?"

"मग चालून जातं."

"कोणासाठी चालून जातं?"

याला तिने लगेच उत्तर दिलं नाही. घरात ती थोरली, आणि 'आमची मोठी कधी नाही म्हणत नाही' हे आईचं कौतुक ऐकत वाढलेली. सागरला मदत करावी असं वाटणं चांगलंच आहे. पण 'मी गेले नाही तर मी वाईट' हे त्याला जोडलं की मदतीची सक्ती होते. मी तिला म्हटलं, गळक्या छपराखाली तू रोज बादली धरून उभी राहिलीस तर घरमालकाला छप्पर गळतंय हे कळणार कसं? दोन माणसांत तीन माणसांचं काम 'चालून' गेलं, की वरच्या कागदावर दोन माणसं पुरतात असंच दिसतं. पगाराचा खर्च विक्रीच्या तुलनेत मोजला जातो, आणि तुमचे फुकटचे तास त्या हिशोबात कुठेच दिसत नाहीत.

एका ऑफला तिने मॅनेजरला पहिल्यांदा लिहिलं, "सर, आज ऑफ आहे, येता येणार नाही." पुढच्या भेटीत म्हणाली, "दुपारपर्यंत पोटात गोळा होता." मी विचारलं, अपराधी वाटलं म्हणजे अपराध केला का? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "नाही. सवय मोडली, म्हणून वाटलं."

आता जे आम्ही प्रत्यक्ष केलं ते सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण उद्या शिफ्टला जाणार आहेत.

"जमत नाही" हे वाक्य मॅनेजरपुढे टाकून उपयोग नाही. त्यालाही वरून आकड्यांसाठी फोन येत असतात. तो काय करू शकतो तेवढंच मागायचं, आणि गर्दीच्या आधी मागायचं. मृणालने शिफ्ट सुरू होतानाच विचारलं, "सर, आज मी एकटी आहे. गरम कॉफी आणि केक चालू ठेवते, ब्लेंडरची पेयं बंद ठेवते. सहा ते आठ ॲपच्या ऑर्डर थांबवू का?" पहिल्या दिवशी सर वैतागले. दुसऱ्यांदा म्हणाले, ॲप थांबव, मेनू राहू दे. तेवढ्यानेही श्वास घ्यायला जागा झाली.

ग्राहकाला वेळ पैसे घेण्याआधी सांगायचा. "बारा मिनिटं लागतील, चालेल का?" यावर काही जण निघून जातात. जाऊ द्यावं. थांबतात ते ठरवून थांबलेले असतात, म्हणून चिडत नाहीत. ओरडा बहुतेक वेळा उशिराचा नसतो, न सांगितलेल्या उशिराचा असतो.

एक वही ठेवा. तारीख, रोस्टरवर किती माणसं, प्रत्यक्षात किती, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, ब्रेक मिळाला की नाही. रोस्टरचा फोटो काढून ठेवा. वहीत राग लिहू नका, आकडे लिहा. महिनाअखेरीला मृणालने त्याच पानांवरून एक छोटा, शांत ईमेल पाठवला आणि फक्त दोन गोष्टी मागितल्या: क्लोजिंगनंतर दुसऱ्या दिवशी ओपनिंग नको, आणि जादा तासांचा मोबदला. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीसाठी पाठपुरावा करावा लागला.

कायदा माहीत असू द्या, भांडायला नाही तर कणा ताठ राहायला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना लागू होणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा १० तास करण्याला मंजुरी दिली, त्यामुळे तुमच्या दुकानाला आज कोणता आकडा लागू आहे हे कामगार कार्यालयात विचारून घ्या. जादा तास फुकट द्यायचे नसतात, एवढं मात्र पक्कं धरा. मला भेटणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं, आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

शरीराचं थोडक्यात. सपाट तळाचे, पातळ बूट घालू नका. उभं राहायचंच असेल तर एक पाय खालच्या फळीवर टेकवून पाय बदलत राहा. संध्याकाळनंतर शॉट पिणं बंद. डबा रोज नाही जमला तरी शेंगदाण्याचा लाडू, केळं, काहीतरी ब्रेकच्या वेळी पोटात जाऊ द्या. सकाळी पहिलं पाऊल टेकवताना टाच ठणकत असेल किंवा पोटरीच्या शिरा फुगलेल्या दिसत असतील तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

नोकरी सोडावी का, हा प्रश्न क्लोजिंगनंतर रिक्षात बसून सोडवायचा नाही. झोप झालेल्या ऑफच्या दिवशी, वही समोर ठेवून सोडवायचा. मृणालने दिवाळीपर्यंतची मुदत ठरवली. मधल्या काळात एक पार्ट-टाइम मुलगी आली, पण शनिवार-रविवारी अजूनही ओढाताण आहे. तिने दुसरीकडे दोन मुलाखती दिल्या आहेत. जाईल की राहील, मला माहीत नाही, आणि ते मी ठरवायचंही नाही. ती आता दमते तेव्हा "मी दमलेय" म्हणते, "मी निकामी आहे" म्हणत नाही, आणि एक समुपदेशक म्हणून मला याचं फार समाधान आहे.

घरच्यांसाठीही एक विनंती. गावाकडून फोन करताना "मिळालीय ती टिकव" हे वाक्य सहज निघतं. त्याआधी "काल किती वाजता सुटलीस, जेवलीस कधी?" एवढं विचारा. आणि सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तोंडी येत असेल, तर तो फक्त कामाचा थकवा समजू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. क्लोजिंग आटोपून रात्री एक वाजता फोन केलात तरी तो उचलला जावा, यासाठीच ती आहे.