छोट्या कुत्र्याला रोज फिरवायलाच हवं का?

या वेळी पत्रं उघडली तर बरेच जण फिरून फिरून एकाच मुद्द्यावर आलेत, की लहान चणीच्या कुत्र्याला बाहेर न्यायची गरज असते का आणि असली तर किती. म्हणून या अंकात तेवढंच घेतलंय. कान, गोचिड, केस गळणं वाल्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : डॉक्टर, आमचा पॉमेरेनियन ३ वर्षांचा आहे, वजन ४ किलो. दिवसभर घरात पळतच असतो, सोफ्यावरून बेडवर, बेडवरून खिडकीत. शी-शू पॅडवर करायची सवय आहे. सासूबाई म्हणतात एवढासा जीव, घरातच त्याचा व्यायाम होतो, बाहेर नेऊन आजार कशाला आणायचे. नवरा म्हणतो कुत्रा पाळलाय तर रोज तासभर चालवलाच पाहिजे, आणि स्वतः मात्र फक्त रविवारी नेतो. कोणाचं खरं?

उत्तर : दोघांचं अर्धं अर्धं. रविवारचं मात्र कोणाचंच नाही.

सासूबाईंचा मुद्दा आधी घेऊ कारण तो अगदीच चुकीचा नाहीये. लहान कुत्र्याचे पाय घरातल्या पळापळीत खरंच बऱ्यापैकी हलतात. आपण साधं चालतो तो वेग साधारण ताशी ५ किलोमीटर असतो, पण वीतभर उंचीच्या कुत्र्याला त्या वेगाने चालताच येत नाही, त्याला सतत दुडक्या चालीने पळावं लागतं, म्हणजे तुमचा आरामाचा फेरफटका हा त्याच्यासाठी जॉगिंग असतो. म्हणून सलग तासभर तुमच्या स्पीडने ओढत नेणं हे बऱ्याच पॉमेरेनियनसाठी जास्तच होईल, निदान सवय नसताना तरी.

पण फिरायला नेणं हे फक्त पायांसाठी असतं असं धरून दोघंही भांडतायत आणि तिथेच गडबड आहे. कुत्र्याचं जग नाकाने चालतं. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या कोट्यवधींच्या हिशोबात असतात. घरातले सगळे वास त्याला पाठ झालेत, कितीही पळाला तरी नवीन काही हाती लागत नाही. बाहेर कोपऱ्यावरच्या खांबाशी कोण येऊन गेलं, ओळखीचं होतं का, किती वेळापूर्वी, हे सगळं तो वाचत असतो आणि त्यात त्याचं डोकं जाम दमतं (चांगल्या अर्थाने). शार्लोट डुरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २०१९ सालचा एक अभ्यास आहे, त्यात काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन शोधायचे खेळ दिले आणि बाकीच्यांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव दिला. नंतर अशा जागी वाटी ठेवली की त्यात खाऊ असेलही नसेलही. वासाचे खेळ खेळलेली कुत्री तिकडे आधीपेक्षा जास्त उत्साहाने, म्हणजे खाऊ असेलच अशा आशेने गेली, शिस्तीत चालणाऱ्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. तेव्हा प्रत्येक झुडपापाशी थांबतो म्हणून पट्टा ओढू नका, तो त्यासाठीच बाहेर आलाय.

आता किती. तुमच्या पॉमेरेनियनच्या वयाच्या, तब्येतीने ठणठणीत अशा छोट्या कुत्र्याला रोज दोन वेळा, प्रत्येक वेळी १५ ते ३० मिनिटं, त्यातला बराच वेळ त्याच्या मर्जीने हुंगत. रोज हा शब्द महत्त्वाचा. आठवडाभर घरात आणि रविवारी एकदम ५ किलोमीटर यात स्नायूंना सवय होत नाही, मग सोमवारी लंगडतो आणि फोन मला येतो. सुरुवात १० मिनिटांपासून करा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. एखाद्या दिवशी धो धो पाऊस असेल किंवा तुम्ही आजारी असाल तर जुन्या टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून शोधायला लावा, एक दिवस चालून जातं.

हा आकडा सगळ्या छोट्या कुत्र्यांना सारखा लावू नका हं. जॅक रसेल टेरियर हा कोल्ह्याच्या शिकारीसाठी तयार केलेला कुत्रा, यॉर्कशायर टेरियर आता रिबिन लावून मिरवतो पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या गिरण्यांत उंदीर मारायचा, आणि पेकिंगीज चिनी राजवाड्यात मांडीवर वाढलेला. तिघंही लहानच, पण जॅक रसेलला अर्ध्या तासात काहीच होत नाही, तो घरी येऊन तुमच्या उशा फाडेल.

वजन कमी करायला फिरवणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. ४ किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरजच ढोबळमानाने ३०० कॅलरीच्या आतबाहेर असते, आणि दोन किलोमीटर चालून तो जेवढं जाळतो तेवढं एका बिस्किटात भरून निघतं. वजन वाटीतूनच कमी होतं. चालण्याने स्नायू, सांधे, मूड सुधारतो.

आजारांची भीती असेल तर लसी वेळेवर, गोचिडाचं औषध चालू, आणि घरी आल्यावर पाय पुसून बोटांच्या मध्ये एकदा बघायचं. पॅडची सवय मोडायची काही गरज नाही, उपयोगीच आहे, फक्त पॅड आहे म्हणून बाहेर जायचं कारण संपलं असं होत नाही.

प्रश्न : माझा पग १० मिनिटं चालला की रस्त्यात बसतो, मग ओढलं तरी उठत नाही. ५ वर्षांचा आहे. हट्टीपणा कसा घालवायचा?

उत्तर : कृपया ओढू नका. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग, पेकिंगीज ही सगळी चपट्या तोंडाची मंडळी आहेत, यांच्या नाकपुड्या अरुंद, मागचा मऊ टाळू गरजेपेक्षा लांब, म्हणजे हवा जायचा रस्ताच अडलेला. आणि कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ती शरीर थंड करतात ते मुख्यतः धापा टाकून. ज्याला धड श्वास घ्यायलाच कष्ट पडतात तो स्वतःला थंड कसा करणार? त्यात तो जमिनीपासून इतका जवळ की तापलेल्या रस्त्याची धग थेट पोटाला. तो बसतो म्हणजे स्वतःला वाचवतो.

उन्हाच्या आधी किंवा ऊन पूर्ण उतरल्यावर न्या. हाताचा पंजा उलटा करून रस्त्यावर ७ सेकंद ठेवा, तुम्हाला नाही ठेववला तर त्यालाही चालवू नका. दमट हवेत जास्तच जपायचं कारण धापा टाकून गारवा येतो तो ओलावा उडून जाण्यामुळे, आणि हवाच ओली असेल तर तो उडत नाही. १० मिनिटंच झेपत असतील तर १० मिनिटं तीनदा न्या, काही बिघडत नाही.

कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, ते १०५ च्या पुढे गेलं की मामला गंभीर. घोरल्यासारखा मोठा आवाज, जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणं, हिरड्या लालभडक किंवा निळसर, पाय लटपटणं, यातलं काही दिसलं तर आधी सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, आणि ते करत करतच दवाखाना गाठा. आधी दवाखाना मग पाणी असं करू नका, रस्त्यातला वेळच महागात पडतो.

आणि गार हवेतही तो १० मिनिटांतच बसत असेल, किंवा झोपेत श्वास अडकून दचकून उठत असेल तर एकदा नाक-घसा तपासून घ्या. नाकपुड्या आणि टाळूची शस्त्रक्रिया करता येते आणि बऱ्याच कुत्र्यांना खरंच फरक पडतो. वजन जास्त असेल तर ते आधी उतरवा.

प्रश्न : आमचं पिल्लू १० आठवड्यांचं आहे, चिवावा. एक लस झालीय. कोणी म्हणतं ४ महिने दाराबाहेर पाऊल नको, कोणी म्हणतं आत्ताच न्या नाहीतर भित्रं होईल. आणि ते वयाच्या दर महिन्यामागे ५ मिनिटं या हिशोबाने चालवायचं असतं ना?

उत्तर : दोन्ही म्हणणारे आपापल्या जागी बरोबर आहेत. पार्वोचा (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांचा) विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लसींचा कोर्स साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतो, तोवर जिथे अनोळखी कुत्री शी-शू करतात तिथे त्याला खाली सोडायचं नाही. पण जगाची ओळख व्हायचं वय असतं साधारण ३ ते १४ आठवडे, म्हणजे कोर्स संपेपर्यंत थांबलात तर ते निघूनच गेलं. प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की पूर्ण लसीकरणाची वाट न बघता पिल्लांना लोकांची, आवाजांची, जागांची ओळख करून द्यायला सुरुवात करावी.

मग करायचं काय, तर कडेवर घ्या! चिवावा आहे, हात दुखायचे नाहीत. रोज थोडा वेळ बाहेर बसा, रिक्षा-मोटारी, मुलं, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस सगळं लांबून दाखवा, सोबत छोटा छोटा खाऊ. लस झालेल्या, शांत, ओळखीच्या कुत्र्याच्या घरी नेलंत तर उत्तमच.

५ मिनिटांच्या हिशोबाला पक्का शास्त्रीय आधार नाहीये. पिल्लू स्वतःहून खेळतं, दमतं, झोपतं, तेवढं त्याला करू द्या, फक्त उंचावरून उड्या आणि पट्टा लावून सक्तीची लांब चाल नको. चिवावाच्या बाबतीत अजून एक, एवढ्या लहान पिल्लाची साखर पटकन उतरते. बाहेर जायच्या आधी थोडं खायला द्या आणि दिवसभर दर ३-४ तासांनी. एकदम मलूल झालं, झोकांड्या जायला लागल्या तर हिरडीला मध चोळा आणि लगेच डॉक्टरकडे.

प्रश्न : गळ्यात पट्टा की हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा)?

उत्तर : हार्नेस. लहान कुत्र्यांत, विशेषतः पॉमेरेनियन, यॉर्की, चिवावा, टॉय पूडल यांच्यात श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडून ती चपटी व्हायचा त्रास बराच दिसतो, गळ्यावर ओढ बसली की बदक ओरडल्यासारखा कोरडा खोकला येतो. नाव-नंबरचं बिल्ल्याचं कॉलर गळ्यात राहू दे, दोरी मात्र हार्नेसला. हार्नेस काखेत घासत नाहीये ना तेवढं बघा, आणि गाड्यांच्या रस्त्यावर ती लांब होत जाणारी दोरी वापरू नका, मांजर दिसलं की क्षणात रस्त्याच्या मध्ये पोचतात.

प्रश्न : वाटेत मोठी कुत्री दिसली की मी आमच्या डॅशहुंडला पटकन उचलते. आता तो कडेवरून इतका भुंकतो की लाज वाटते. उचलणं बंद करू का?

उत्तर : मोकळं कुत्रं अंगावर येत असेल तर उचला, त्यात काही चूक नाही, आकाराचा फरक एवढा की खेळता खेळतासुद्धा इजा होते. फक्त डॅशहुंडला उचलताना एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली, पाठ आडवी राहिली पाहिजे. त्यांच्या मणक्यातल्या चकत्या लवकर खराब होतात, काखेत धरून लोंबकळत उचलणं आणि सोफ्यावरून उड्या दोन्ही बंद.

पण समोरचं कुत्रं पट्ट्यावर आहे, मालक सोबत आहे, लांब आहे आणि तरीही तुम्ही झडप घातल्यासारखं उचलता, तेव्हा त्याला कळतं की मोठं कुत्रं म्हणजे संकट, ताई पण घाबरली. त्याऐवजी लवकर बघा आणि लवकर वळा. रस्ता ओलांडा, उभ्या गाडीच्या मागे जा, आणि ज्या अंतरावर त्याला ते कुत्रं दिसतं पण तो अजून भुंकत नाही तिथे थांबून एकामागे एक खाऊ द्या. कुत्रं गेलं की खाऊ बंद. काही आठवड्यांत ते अंतर कमी होत जातं, रोज थोडं मागेपुढे होणारच. आणि लाज कसली, भुंकणाऱ्या छोट्या कुत्र्याचे मालक एकमेकांना बरोबर ओळखतात.

प्रश्न : आमची १२ वर्षांची छोटी मिक्स कुत्री आहे, ६ किलोची. आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ फिरली. हल्ली अर्ध्या वाटेतून परत वळते, रात्री कधी कधी खोकते. बाबा म्हणतात वय झालं, आता फिरवणं बंद करू या.

उत्तर : वय हा आजार नाही, त्यामुळे आधी तपासणी. फिरणारी कुत्री फिरेनाशी झाली की छोट्या कुत्र्यांत माझ्या डोक्यात दोन-तीन गोष्टी लगेच येतात. एक, गुडघ्याची वाटी सरकणं आणि त्यातून झालेली सांधेदुखी (चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घालते आणि परत नीट चालते का, आठवून बघा). दुसरं दात. तिसरं आणि तुमच्या वर्णनावरून सगळ्यात आधी बघायचं ते हृदय. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांत हृदयाची डावीकडची झडप गळायला लागणं फार कॉमन आहे, स्टेथोस्कोप लावला की आवाज कळतो, मग एक्स-रे आणि इको.

घाबरून जाऊ नका, कारण हे लवकर सापडलं तर करण्यासारखं आहे. २०१६ साली ३६० कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, हृदय मोठं झालंय पण अजून त्रास सुरू नाही अशा कुत्र्यांना पिमोबेंडन हे हृदयाचं औषध दिल्यावर हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने पुढे ढकललं गेलं. तुमच्या कुत्रीला ते लागू पडतं का हे इको बघणारे डॉक्टर ठरवतील, मनाने सुरू करू नका.

घरी एवढं करा, ती गाढ झोपलेली असताना छाती वर-खाली होताना मोजा, ३० सेकंदात किती ते, आणि त्याची दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर बरं, सारखा ३० च्या वर येत असेल तर तपासणी उद्यावर टाकू नका. आकडे कागदावर लिहून ठेवा आणि खोकल्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा कारण दवाखान्यात आल्यावर ही मंडळी हमखास खोकत नाहीत.

आणि फिरणं बंद नाही करायचं, तपासणी होईपर्यंत छोटं करायचं. सपाट रस्ता, गार वेळ, तिच्या पावलाने, ती वळली की तुम्ही वळा. परतीचा रस्ता झेपत नसेल तर जाताना चालू दे आणि येताना उचलून आणा, ६ किलोच तर आहे.