यूट्यूबवर सगळं शिकता येत असताना पुण्यात कॅमेरा क्लबला कशाला जायचं?

तुम्ही विचारलंय की कॅमेरा घेऊन वर्ष झालं, ॲपर्चर-शटर-आयएसओ ही फोटोचा उजेड ठरवणारी सेटिंग्ज व्हिडिओ बघून समजली, फोटोंना लाइक्सही बरे येतात, मग महिन्यातून दोन संध्याकाळी कुठल्यातरी हॉलमध्ये जाऊन बसायचं कशासाठी? सहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो. ऑफिसातल्या एकाने जवळजवळ ओढतच नेलं. सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा वर्ग, लहान मुलांची बाकं, आणि त्यांत गुडघे दुमडून बसलेले बँकेतून निवृत्त झालेले काका, एक डेंटिस्ट, दोन आयटीवाले, कॉलेजातली एक मुलगी. मला वाटलं, चहा पिऊन सटकू.

मी नेलेला फोटो तांबट आळीतला होता. कसब्यात सकाळी गेलात तर आळीत वळायच्या आधीच ठोक्यांचा आवाज येतो. एक कारागीर पातेल्यावर मठारकाम करत होते. म्हणजे तांब्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके द्यायचे. त्याने पत्रा कडक होतो आणि ती चमकणारी टिंबं उमटतात. दाराकडून येणारा उजेड, काळवंडलेली भिंत, वर उचललेला हात. इन्स्टाग्रामवर दोनशेच्या वर लाइक्स होते, त्यामुळे मी निवांत होतो.

प्रोजेक्टरवर फोटो लागला. कोणी बोलेना. मग बँकवाल्या काकांनी विचारलं, "हे काम करतायत, की हातोडी दाखवतायत?"

सगळे हसले, मीही हसलो, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शटर १/५०० ठेवल्यामुळे, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतंच उघडल्यामुळे, हातोडी हवेत थिजली होती. ठोका कुठेच नव्हता. काका म्हणाले, १/३० वर ये, शटर जास्त वेळ उघडं ठेव, दहा-पंधरा काढ, बहुतेक वाया जातील. एखाद्यात चेहरा स्थिर आणि हातोडी पुसट मिळेल. तेवढ्यात ती कॉलेजातली मुलगी म्हणाली, "फोकस डोळ्यांवर नाहीये, पातेल्याच्या काठावर आहे." फोनवर ते मला कधी दिसलंच नव्हतं. फोनवर सगळंच शार्प दिसतं.

लाइक देणारा माणूस तुमच्या फोटोसमोर एक सेकंद थांबतो. त्या वर्गात आठ जण माझ्या फोटोकडे पाच मिनिटं बघत होते आणि त्यांना माझं मन राखायची गरज नव्हती. क्लबचं खरं आकर्षण मला तरी हेच वाटतं. शटर स्पीड म्हणजे काय हे व्हिडिओ सांगेल. *तुमच्या* फोटोत तो कुठे चुकला हे त्याला कुठून कळणार?

बाकीच्या गोष्टी ओघाने येतात. थंडीत रविवारी पाचला उठून सोलापूर रस्त्याने नदीकाठच्या कवडीला पक्षी बघायला मी एकटा कधीच गेलो नसतो. पण स्वारगेटला कोणी गाडी घेऊन थांबलंय म्हटल्यावर उठावंच लागतं. नदीला वास, काठाला प्लास्टिक, आणि त्यातच चक्रवाकांची जोडी. तिथे डेंटिस्टसाहेबांनी त्यांची मोठी टेलिलेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, तासभर माझ्या हातात दिली. ती पेलून खांदे दुखायला लागल्यावर विकत घ्यायचा विचार आपोआप मावळला, म्हणजे क्लबची पुढच्या कैक वर्षांची वर्गणी निघेल एवढे पैसे वाचले. काळपट पाण्यातला बगळा कॅमेरा पांढराफटक करून टाकतो, कारण त्यातला उजेड मोजणारा मीटर त्या अंधाऱ्या पाण्याला भुलतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणलं, म्हणजे उजेड निम्मा केला, की पिसं दिसतात. हे कुठेतरी वाचलेलं होतंच. पण कोपराने ढोसून "मायनस एक कर, मायनस एक" असं कोणी म्हणाल्यावर ते बोटांत बसलं.

नावडतं ते पण सांगतो. काही जणांना तुमच्या फोटोपेक्षा तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल आधी दिसतं. स्पर्धांचा नाद लागला की परीक्षकांना आवडेल तेच काढायची खोड लागते. आणि वारीत दिवेघाटात एका आजींभोवती आमचे नऊ कॅमेरे जमलेले बघून मला स्वतःचीच लाज वाटली होती. त्या पदर सावरत होत्या आणि आम्ही क्लिक करत होतो. त्यानंतर मी वारीला ग्रुपबरोबर जात नाही.

तेव्हा लगेच वर्गणी भरू नका. आधी एक-दोन बैठकांना पाहुणे म्हणून जाऊन बसा. दोन तासांतला दीड तास लेन्सच्या किमतींवर गेला तर दुसरा क्लब बघा. फोटो भिंतीवर लावून त्यावर वाद घालणारे भेटले तर टिका, पहिले तीन महिने अपमान वाटला तरी.

तांबट आळीत मी नंतर चार वेळा गेलो. १/३० वाला फोटो शेवटी जमला. आमच्याकडे एक रिवाज आहे, ज्याचा फोटो काढला त्याला प्रिंट नेऊन द्यायची. बारा बाय अठराची प्रिंट घेऊन गेलो. कारागिरांनी हात पुसले, प्रिंट दारातल्या उजेडात धरली. स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. पातेल्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही खालची ओळ पोराने ठोकलीय. बघा, वाकडी गेलीय."