रांगेतले आणि रांगेबाहेरचे: ह्यूस्टनला निघालेल्या वसईकराला उत्तर

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीच्या बदलीवर, एल-1 व्हिसावर, बायको आणि दोन मुलांसह वसईहून ह्यूस्टनला येताय. जिथे घर बघितलंय तिथल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) स्पॅनिश मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, चर्च भरून वाहतं, त्यातली बरीच माणसं बिनकागदाची, आणि फादर नव्या कुटुंबांना सेवेला बोलावतात. इकडे भारतीयांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत मात्र रोज एकच सूर: आम्ही फी भरून, वर्षानुवर्षं रांगेत, हे नदी ओलांडून आत. मन कुठे ठेवायचं, आणि मदत केली तर आपला व्हिसा अडचणीत येईल का, असं तुम्ही विचारलंत.

व्हिसाचं आधी, कारण ते निस्तरल्याशिवाय बाकीचं डोक्यात शिरणार नाही. एल-1वर असताना धर्मादाय कामात बिनपगारी सेवा करता येते. ते काम एरवीही बिनपगारीच होत असलं पाहिजे आणि बदल्यात काही घ्यायचं नाही, कौतुकाचं गिफ्ट कार्डसुद्धा नाही. शिधा वाटणं, इंग्रजीचा वर्ग घेणं, देणगी देणं, आजाऱ्याला दवाखान्यात सोडणं यात काही वावगं नाही.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. गावाकडचा कुणी चुलता फोन करेल: पोराला डंकीने, म्हणजे चोरवाटेने, पाठवतोय, एजंटचे राहिलेले पैसे तेवढे भर, नंतर फेडतो. इथे ठाम नाही म्हणा. कुणाला बेकायदा आत यायला पैसे देणं, गाडी पाठवणं, नुसतं ‘ये, मी बघतो’ असं उत्तेजन देणं, एवढ्यावरही तुमचा स्वतःचा प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. त्यासाठी कोर्टात गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही. त्या वाटेवर माणसं मरतात, हे तर वेगळंच. जानेवारी 2022मध्ये गुजरातेतल्या डिंगुचा गावचं चार जणांचं कुटुंब कॅनडाच्या मॅनिटोबात, अमेरिकेची हद्द काही पावलांवर असताना, थंडीने गोठून गेलं.

दुसरं, लपवणं. भुकेल्याला जेवण देण्यावर कायद्याचा डोळा नाही. अधिकारी शोधताहेत हे कळल्यावर माणूस दडवणं, अधिकाऱ्याशी खोटं बोलणं यावर आहे. तिसरं, गाडी. शहरात मिस्साला नेणं-आणणं निराळं; पण तरुण मंडळाची सहल दक्षिणेला समुद्रावर निघाली तर परतताना हायवे 281वर फाल्फुरियासला किंवा हायवे 77वर सरीटाला सीमा पोलिसांचं नाकं लागतं. उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते आणि नागरिकत्व विचारतात. एरवी कधी न विचारला गेलेला प्रश्न त्या गाडीत बसलेल्या पोरांना तिथे विचारला जातो. सहल दुसरीकडे न्या. तुमचा स्वतःचा आय-94चा, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीचा, कागदही खिशात हवा. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा नियम आहे.

आता रांग. आपल्याला वाटतं एकच खिडकी आहे आणि हे लोक मधूनच घुसले. होंडुरासमधून आलेल्या भांडी घासणाऱ्या माणसासाठी खिडकीच जवळजवळ नाही. बिनकौशल्याच्या कामावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला जास्तीत जास्त 10,000, अख्ख्या जगाला मिळून, बायकामुलं त्यातच धरून, आणि मालकाने अर्ज करायला हवा. फार वर्षं राहिलेल्यांसाठी ‘रजिस्ट्री’ नावाची एक जुनी तरतूद आहे. एका ठरलेल्या तारखेआधी आलेल्यालाच ती लागू होते; ती तारीख 1986मध्ये शेवटची पुढे सरकली आणि 1 जानेवारी 1972वर अडकून पडली. म्हणजे 1973मध्ये आलेली बाई आज पणजी झाली असली तरी तिला त्या दारातून जाता येत नाही.

‘मग नागरिकाशी लग्न करून कागद का करत नाहीत?’ हेही गटांत नेहमी येतं. चोरवाटेने आलेल्याला लग्नानंतरही बहुधा मायदेशी जाऊन व्हिसा घ्यावा लागतो. इथे सलग एक वर्ष किंवा जास्त बेकायदा राहून तो बाहेर पडला की दहा वर्षांची बंदी लागते; 180 दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत असेल तर तीन वर्षांची. माफीचा अर्ज असतो, पण त्रास कुणाला होईल हे दाखवायचं तर नवरा, बायको किंवा आईवडील नागरिक वा ग्रीन कार्डवाले हवेत. अमेरिकेत जन्मलेली लेकरं त्या हिशेबात धरत नाहीत. कागद करायला जावं तर घर मोडतं, म्हणून ते जात नाहीत.

आणि तुमचं स्वतःचं? नोकरी गेली तर एल-1वाल्याला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, तेही कॅलेंडरचे, सुट्ट्या धरून. एल-1 दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. मुलांची शाळा अर्ध्यावर, घराचा करार सहा महिन्यांचा उरलेला, आणि 61वा दिवस उजाडला की तुम्हीही कागदाबाहेर. सुशिक्षित माणसंही अशी घसरतात. बिनकागदाचा म्हणजे मेक्सिकन हे डोक्यातून काढा: 5 फेब्रुवारी 2025ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात 104 भारतीय होते, त्यांत तिघे महाराष्ट्रातले. आपल्या कोकणातून, वसईतून आखातात गेलेल्यांना ‘खल्लीवल्ली’ शब्द शिकवायला नको. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, पगार तीन महिने थकलेला, आणि पळून दुसरीकडे काम धरलेला माणूस. त्याच्या घरी आपण जेवलोय. त्याला आपण कधी घुसखोर म्हटलं नाही.

(जाता जाता: वसईत भय्यांवर दात ओठ खाणारा माणूस ह्यूस्टनला उतरून आठवड्यात होंडुरासवाल्यांवर तेच बोलू लागतो. भाषा बदलते, सूर तोच.)

धर्माचं म्हणाल तर गटांत रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय फेकला जातो: अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. बरोबर आहे. कायदा मोडला गेलाय हे नाकारायचं कारण नाही आणि देशाला हद्द राखण्याचा हक्क आहे हे इथले बिशपही मानतात. पण एक अध्याय मागे जा. बाराव्यात, तेराव्या ओवीत, पाहुणचाराचा आदेश आहे. तुम्हाला जास्त लागू पडतो तो मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळा. पहाटेपासून राबलेल्यांना ठरलेलं नाणं पूर्ण मिळालं होतं, एक पैसा कमी नाही. कुरकुर झाली ती तासाभरासाठी आलेल्याच्या हातात तेच नाणं बघून. आपली फी, आपली वर्षं, आपले शिक्के कुणी हिसकावलेले नाहीत. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग लांबली ती दर देशाला सात टक्के या मर्यादेमुळे. ती मर्यादा अमेरिकेच्या संसदेने घातली, स्पॅनिश मिस्सात मागच्या बाकावर बसणाऱ्या बाईने नाही. राग असेल तर पत्ता बरोबर लिहा.

रूथच्या गोष्टीतला शब्द आपल्याकडे अजून जिवंत आहे: सरवा. परकी बाई शेतात सरवा वेचायला येते, आणि बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम चार कणसं गळू द्या, तिला टोकू नका. धर्मग्रामातलं काम नेमकं असंच असतं.

शिध्याची पिशवी घ्या. आपले लोक प्रेमाने बासमती आणि मसूर डाळ आणून ठेवतात आणि ती मागच्या फळीवर पडून राहते. लागतं ते मक्याचं पीठ, पिंटो बीन्स, साधा तांदूळ, तेल, मीठ. पिशवी चार-पाच किलोंच्या वर नको. बरेच जण बसने येतात, कडेवर मूल असतं आणि बसथांबा अर्धा मैल लांब. मोटेलमध्ये राहणाऱ्याकडे शेगडी नसते, त्याला कोरडे बीन्स देऊन उपयोग नाही. ओढून उघडणारे डबे द्या, डबा फोडायचं हत्यारही त्याच्याकडे नसतं. सगळ्यात आधी संपतात ते डायपर, चार आणि पाच नंबरचे, कारण सरकारच्या कुठल्याच अन्नमदतीत डायपर बसत नाहीत. देणगी काय द्यावी कळत नसेल तर डोळे मिटून पाच नंबर आणा.

कागद आहेत का, हे विचारायचं नाही. वहीत तर मुळीच लिहायचं नाही; लिहिलेली गोष्ट उद्या कुणीही मागू शकतं. रांगेचा फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. मोठ्या माणसाशी ‘उस्तेद’ म्हणून बोला, ते आपलं अहो-जाहो.

कायद्याचा सल्ला देऊ नका, कितीही वाटलं तरी. आपण स्वतःच्या व्हिसाचे फॉर्म भरून इतके तरबेज झालेलो असतो की हात शिवशिवतात. चुकीचा अर्ज माणसाला थेट हद्दपारीच्या कोर्टात नेतो. याहून वाईट म्हणजे ‘नोतारिओ’ अशी पाटी लावलेली दुकानं. मेक्सिकोत नोतारिओ म्हणजे बडा वकील. इथला नोटरी नुसता सही-शिक्क्याचा माणूस. याच गोंधळावर धंदा चालतो: दहा वर्षं झाली म्हणजे वर्क परमिट मिळेल असं सांगून, माणसाला न कळवता, त्याच्या नावे आश्रयाचा अर्ज ठोकून देतात. परमिट हातात येतं, घरात पेढे वाटले जातात, आणि अर्ज फेटाळला की कोर्टाची नोटीस येते. योग्य माणूस म्हणजे परवानाधारक वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला संस्थेचा प्रतिनिधी. ह्यूस्टनमध्ये कॅथलिक चॅरिटीजचं कॅब्रिनी केंद्र हेच काम करतं. तिथला पत्ता द्या, हवं तर सोबत जा.

सोबत जाणं ही मोठी सेवा आहे. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, आणि तारखेला हजर नसलं तर गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम निघतो. अनेकदा कारण एवढंच, की माणसाने खोली बदलली आणि नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. कोर्टाला पत्ता बदल पाच कामकाजाच्या दिवसांत कळवायचा असतो, ईओआयआर-33 फॉर्मवर. कुणी घर बदललं असं बोलता बोलता कळलं तर ‘कोर्टाला सांगितलंत का?’ एवढं विचारा.

कुणाला पकडून नेलं तर घरचे आधी रडत फादरकडे येतात. आयसीईच्या, म्हणजे धरपकड करणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या, शोध-पानावर दोन गोष्टी लागतात: ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला नंबर) आणि जन्मदेश. नंबर आठ आकडी असेल तर पुढे शून्य लावून नऊ करा. नंबर नसेल तर नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं, आणि स्पॅनिश नावात आडनावं दोन असतात. एकदा दोन्ही, एकदा पहिलंच, एकदा मधे जोडरेघ, असं फिरवून बघा. पहिल्या दिवशी नाव सापडलं नाही म्हणून घाबरायचं नाही, नोंद उशिरा चढते. अठराखालच्या मुलांची नावं तिथे दिसत नाहीत. आधीच करून ठेवण्याजोगं एकच: मुलांना शाळेतून कोण आणू शकेल त्या यादीत विश्वासातलं दुसरं नाव, आणि त्या माणसाला मुलांची काळजी सोपवणारा नोटरी केलेला कागद.

शाळेवरून आठवलं. तुमच्या सौंना काळजी वाटते की मुलांच्या वर्गात ‘असली’ मुलं असतील. असतील. याच टेक्ससमधल्या टायलर गावाने बिनकागदाच्या मुलांकडून वर्षाला 1000 डॉलर फी मागितली होती. 1982मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा मोडली. प्रवेशाला राहत्या पत्त्याचा पुरावा आणि लसीचा दाखला लागतो, तुमच्या मुलांना आणि त्यांच्याही मुलांना तेवढाच. लसींची यादी वसईतच डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसह लिहून घ्या, नाहीतर ऑगस्टात धावपळ होते. आणि इथे घर बदलल्यावर दहा दिवसांत एआर-11 हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायला विसरू नका. तो नियम तुम्हालाही आहे.