स्ट्रोकनंतर बाबांचं विसरणं, आणि बीपीच्या गोळ्यांचा आता काय उपयोग

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाबा ७२, माहीमला राहतात, आठ महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, हातपाय बऱ्यापैकी सुधारले पण बँकेचं काम जमत नाही, बोलता बोलता गप्प होतात आणि न्यूरोलॉजिस्टने पेपरवर मिक्स्ड डिमेन्शिया लिहिलंय, म्हणजे एकाहून जास्त कारणांनी आठवण आणि विचार करायची ताकद कमी होणं. मग हे अल्झायमर की स्ट्रोकमुळे, आणि झालंच आहे तर आता बीपी-शुगरच्या मागे कशाला लागायचं, असं विचारलंयत. मी डॉक्टर नाही, आईचं आजारपण बरीच वर्षं काढलं, त्यातून आणि वाचून जे कळलं ते सांगते.

आधी त्या दोन नावांत अडकू नका. वयस्कर माणसांत दोन्ही एकत्र असणं अगदी कॉमन आहे. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ नावाची प्रोटीन्स मेंदूत साचतात, आणि बीपी, शुगर, तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या भागातले बदल लिहितात ते बरेचदा यातलेच. अमेरिकेत नन्सवर एक मोठा अभ्यास झाला, १९९७ साली त्याचा एक पेपर आला, त्यात मरणोत्तर मेंदू तपासले होते. अल्झायमरच्या खुणा असलेल्या नन्समध्ये ज्यांना आत खोलवर एकदोन छोटे इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेले भाग, होते त्यांच्यात डिमेन्शिया बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. म्हणजे अल्झायमर आहे म्हणून रक्तवाहिन्यांकडे दुर्लक्ष केलं की नुकसान दुप्पट.

घरचे म्हणतात ना की "त्यांना जुनं सगळं आठवतं, मुद्दाम करतात", ते तर मनातून काढूनच टाका. आमच्याकडे आईने पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवलेला, पोहे भिजवलेले, कढई गॅसवर, आणि ती नुसती ओट्यापाशी उभी, आधी काय टाकायचं तेच सुचेना. मी विचारलं फोडणीला काय घालतात, तर मोहरी हिंग हळद मिरची कढीपत्ता सगळं बरोबर सांगितलं! रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात असं होतं, आठवण बरीच शाबूत असते पण कामाचा क्रम लावणं, ठरवणं, वेग हे आधी जातं. म्हणून बाबांना एका वेळी एकच गोष्ट सांगा, ती झाली की पुढची.

आता बीपीचं. उपयोग आहे, आणि आत्ताच जास्त आहे, कारण खरी भीती दुसऱ्या स्ट्रोकची. २००९ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात पहिल्या स्ट्रोकनंतर साधारण १० टक्के लोकांना नव्याने डिमेन्शिया झाला आणि पुन्हा स्ट्रोक झालेल्यांत हा आकडा एक तृतीयांशाच्या वर गेला. गेलेलं किती परत येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण पुढचा झटका टाळणं बरंचसं आपल्या हातात आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट अभ्यासात वरचं बीपी १२०च्या खाली ठेवल्यावर स्मरणशक्तीची सौम्य तक्रार कमी झाली असं २०१९ मध्ये आलं, पण त्यात डायबेटिसवाले आणि आधी स्ट्रोक झालेले घेतलेच नव्हते, म्हणून व्हॉट्सॅपवर १२० वाचून स्वतः गोळ्या वाढवू नका, बाबांचा आकडा डॉक्टरच ठरवतील. तुम्ही फक्त घरी नीट मोजा, दंडावरचं मशीन, पाच मिनिटं शांत बसवून, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, वहीत लिहून, आणि उभं केल्यावर एकदम पडतंय का तेही बघा, चक्कर येऊन पडले तर वेगळंच संकट. लोणचं, पापड, सुका बोंबील कमी. तंबाखू कुठल्याही रूपात बंद, मिसरीसुद्धा, आईची मिसरी सोडवताना आमच्या घरी रोज भांडणं झाली पण सोडवली.

पुढच्या व्हिजिटला हे जरूर विचारा: हृदयाचे ठोके अनियमित आहेत का हे बघायला ईसीजी किंवा होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवतात तो ईसीजी) झालंय का? एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांचा असा एक अनियमितपणा, असेल तर गुठळी होऊन पुन्हा स्ट्रोक होऊ शकतो आणि त्याला रक्त पातळ करायची औषधं वेगळी असतात. बी१२, थायरॉइड आणि ऐकू किती येतं तेही बघून घ्या. आणि ते गप्प होणं नुसतं डिमेन्शियाचं समजू नका, स्ट्रोकनंतर डिप्रेशन खूप जणांना येतं, त्यावर औषध आहे आणि त्याने माणूस बराच खुलतो.

एक मात्र लक्षात ठेवा, हे सहसा हळूहळू वाढतं. एकदोन दिवसांत अचानक बरळायला लागले, ओळखेनासे झाले तर "डिमेन्शिया वाढला" म्हणून घरी बसू नका, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, काहीही असू शकतं, लगेच दाखवा. आणि तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळलं तर फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात रांग लावायची नाही, सरळ चोवीस तास सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला न्यायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये माहीमहून कुठे लवकर पोचता येईल ते आजच ठरवून ठेवा.