अमरावतीहून एका दिवसात पायी फिरून तलाव आणि जंगल दोन्ही पाहता येईल असं ठिकाण कोणतं?

चिखलदरा, डोंगरावरचं थंड हवेचं ठिकाण. अमरावतीहून आधी परतवाडा गाठा, तिथून सकाळची एसटी धरा. वर पोचलात की गाडी-बिडी विसरून गाविलगड किल्ल्याकडे पायीच निघा. किल्ल्यात देवतलाव आणि मच्छी तलाव आहेत. देवतलावाच्या काठी शिदोरी सोडायची. शार्दूल दरवाजावरचं गंडभेरुंडाचं (दोन डोक्यांच्या काल्पनिक पक्ष्याचं) शिल्प मान वर करून नीट बघा, फोटोच्या घाईत लोक खालूनच निघून जातात. तटावरून मेळघाटचं सागाचं रान दूरवर दिसतं. वेळ उरला तर देवी पॉइंट, भीमकुंड. धबधबे हवे असतील तर ऑगस्टात जा. पण धुकं उतरलं की दरीच दिसत नाही, म्हणून मी तर ऑक्टोबरच म्हणेन. भोवती व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, अंधाराआधी गावात परता.